दुधाच्या खाड्यांशेजारी लिहा!

मैत्रिणींनो, नागपुरात धंतोली म्हणजे दवाखान्यांचीच वस्ती. तिथल्या फिजिओथेरपीच्या एखाद्या खोलीबाहेर घटकाभर बसून पाहा. आत लेकरू रडतंय, बाहेर आई घड्याळ बघतेय. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही. पण ताठरलेले स्नायू नेमानं ताणले नाहीत तर आखडत जातात. म्हणून हा रोजचा छळ! आणि गुण दिसायला महिने लागतात. मग धीर आणायचा कुठून?

कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे मांडतो ना, तिथंच एक ओळ लिहा : ‘आज टाच टेकली.’ वाईट दिवशी मागची पानं उलटा. जावेच्या मुलाशी तुलना मात्र नको गं बाई! बाकावरच्या आयांशी बोला. सत्राआधी किती खाऊ घालावं, हे त्यांना बरोब्बर ठाऊक असतं.

मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, ती लेक मालिनीच्या निमित्तानं. मालिनी चिब व्हीलचेअरवरच फिरतात. पण लंडनला शिकल्या, एका बोटानं टाइप करून आत्मचरित्र लिहिलं.

तेव्हा डॉक्टरांना ‘चालेल ना हो?’ एवढंच विचारू नका. हातानं घास घेईल का, घरी कोणता व्यायाम किती वेळा, हेही विचारा.