साठीनंतरचा लांब पल्ला

वय वाढलं की आधी वेग जातो, दम बराच उशिरा जातो. म्हणून लांब अंतराची शर्यत ही ज्येष्ठांच्या आवाक्यातली गोष्ट आहे. अट एवढीच, की सरावाचं वेळापत्रक विश्रांतीपासून आखायला हवं. कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर हा सराव कसा करावा, त्याविषयी.

नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीचा मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा. १९०७ पासून ही गाडी वळणं घेत घेत तो चढते आणि वर पोचायला अडीच तासांच्या आसपास घेते. अर्धमॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किलोमीटर. साठी ओलांडलेला, नियमित सराव असलेला माणूस सपाट रस्त्यावर ते साधारण तेवढ्याच वेळात पुरं करतो. तिशीतल्या पोरांना हा वेळ किरकोळ वाटेल, पण माथेरानला जाणारं कुणी गाडीच्या वेगाला नावं ठेवत बसत नाही. ती वर पोचते, याला महत्त्व.

लांब पल्ला म्हाताऱ्यांसाठी नाही, असं म्हणायची आपल्याकडे तर सोयच नाही. आळंदी ते पंढरपूर हे अडीचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर साठी-सत्तरीची माणसं दर आषाढात चालतात. कार्तिकीला आपल्याच खालापूर तालुक्यातल्या दिंड्या बोरघाट चढून आळंदीला जातात. घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी दम खायला टेकलेल्या त्या घोळक्यात पिकल्या केसांची माणसं कमी नसतात. धावणं मात्र चालण्याहून वेगळं. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. त्यामुळे ‘मी रोज चालतो, मग धावेनही’ हा हिशेब थेट लागू होत नाही. मधे काही महिन्यांची तयारी लागते.

वेग जातो, दम टिकतो

आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. झटक्यात जोर लावणारे आणि सावकाश पण बराच वेळ काम करणारे. वयाबरोबर पहिल्या प्रकारचे तंतू जास्त झिजतात, दुसरे त्यामानाने तग धरतात. म्हणून साठीच्या माणसाची शंभर मीटरची धाव पार ढेपाळते, पण दहा किलोमीटरची तितकी नाही. श्वासातून घेतलेला प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी घटते. नियमित सराव ठेवणाऱ्यांत ही घट बरीच मंदावते.

ही क्षमता कुठवर ताणता येते, याचं उदाहरण कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांनी घालून दिलं. २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी टोरांटोत पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत धावली. त्यांचा बराचसा सराव घराजवळच्या दफनभूमीतल्या रस्त्यांवर फेऱ्या मारून झालेला. बोस्टन मॅरेथॉनमध्ये प्रवेश मिळवायलाही वयानुसार वेगवेगळी वेळ ठरलेली आहे. ६० ते ६४ वयाच्या पुरुषांसाठी ती ३ तास ५० मिनिटं. वयाची ही सूट म्हणजे दयामाया नव्हे, शरीरशास्त्राची दखल आहे.

आपल्याकडे बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावून ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आलेल्या लता भगवान करे सगळ्यांना ठाऊक आहेत. नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. त्यांच्यावरच्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. या गोष्टीतून ‘बूट नसले तरी चालतं’ एवढाच बोध घेऊ नये. शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या पायांत आयुष्यभराचा सराव मुरलेला असतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या पायांत तो नसतो.

गुडघे आणि हृदय

साठीत धावायला लागलेल्या माणसाला घरचे पहिलं वाक्य ऐकवतात ते गुडघ्यांविषयी. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात, हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात आढळला. बैठी जीवनशैली असलेल्यांत हेच प्रमाण १०.२ टक्के होतं. मात्र अटीतटीच्या स्पर्धांसाठी धावणाऱ्यांत ते १३.३ टक्के निघालं. थोडक्यात, बसून राहणं वाईट आणि अतिरेकही वाईट.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशीपुढच्या ५३८ धावणाऱ्यांचा आणि त्यांच्याच वयाच्या न धावणाऱ्यांचा पाठपुरावा केला. १९ वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के मरण पावले होते. मुळात धडधाकट असलेलीच माणसं धावायला घेतात, हे धरूनही फरक मोठा आहे. लंडन मॅरेथॉनसाठी पहिल्यांदाच तयारी करणाऱ्या १३८ जणांच्या धमन्या सहा महिन्यांच्या सरावाने सुमारे चार वर्षांनी ‘तरुण’ झाल्या, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. जास्त फायदा झाला तो वयाने मोठ्या आणि वेगाने मंद असलेल्यांना.

धोका अजिबात नाही असं मात्र नाही. २००० ते २०१० या काळात अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख जणांपैकी ५९ जणांचं हृदय शर्यतीत बंद पडलं. प्रमाण अगदी कमी, तरी आपण त्यात नसावं याची काळजी आधी घेता येते. साठीपुढच्या माणसाने बूट विकत घेण्याआधी डॉक्टर गाठावा: रक्तदाब, साखर, ईसीजी, आणि डॉक्टर म्हणाले तर टीएमटी. बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही पाहून घ्यावं. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, काही लघवीवाटे पाणी काढतात. आपण लांब धावणार आहोत हे डॉक्टरांना सांगितलेलं असलं पाहिजे. आणि शर्यतीत दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घ्यायची सवय सोडावी. घाम गाळत असताना ती मूत्रपिंडांवर ताण आणते.

आठवड्यात तीनदाच

तरुणपणी आज जोरात धावलं तर उद्या पाय पुन्हा तयार असतात. साठीत तीच डागडुजी व्हायला दोन दिवस लागतात, कधी तीन. सराव कमी पडला म्हणून जायबंदी झालेले ज्येष्ठ थोडे. विश्रांती कमी पडली म्हणून झालेले पुष्कळ. त्यामुळे आठवड्यात तीन धावा पुरे.

इथे निवृत्त माणसाच्या हातात एक हुकमाचं पान आहे. लांब धाव रविवारीच करायची सक्ती त्याच्यावर नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या फार्महाऊसच्या दिशेने सुटलेल्या असतात आणि कर्जतच्या रस्त्यांवर पायी माणसाला जागा उरत नाही. म्हणून लांब धाव बुधवारी ठेवावी. गुरुवारी पूर्ण विश्रांती. शनिवारी पहाटे लवकर, गर्दी सुरू व्हायच्या आत, पाच-सहा किलोमीटर सावकाश. सोमवारी मधूनमधून वेग वाढवत किंवा छोट्या चढावर एक धाव. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस ताकदीचे व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशींत ज्येष्ठांसाठी आठवड्यातून किमान दोनदा ताकदीचे आणि किमान तीनदा तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले आहेत. त्यासाठी जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठबस, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, दात घासताना एका पायावर उभं राहणं, एवढ्यावर सुरुवात होते.

सोमवार सोडला तर वेग किती ठेवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच. जेफ गॅलोवे या अमेरिकी ऑलिंपिक धावपटूने १९७० च्या दशकात रुजवलेली धावण्या-चालण्याची पद्धत ज्येष्ठांना फार सोयीची पडते: चार मिनिटं धावा, एक मिनिट चाला, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर चालणं वेगळं आणि दमू नये म्हणून चालणं वेगळं.

कुठे धावायचं

कर्जत तालुक्याला पाण्याचं एक वेगळं दान आहे. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पेज नदी उन्हाळ्यातही वाहते आणि राजनाल्याच्या कालव्यावर दुबार भातशेती होते. त्या पट्ट्यातले गावरस्ते सपाट, बऱ्यापैकी सावलीचे. सुरुवातीचे दोन-तीन महिने तिथेच काढावेत. जिथे मातीची वाट मिळेल तिथे डांबर सोडावं. मात्र खाचराचा बांध धावण्यासाठी नाही. घोटा मुरगळायला तेवढं निमित्त पुरतं.

चढासाठी नेरळहून दस्तुरी नाक्याकडे जाणारा घाट आहे. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, त्यामुळे चढ खडा आहे आणि टॅक्सींची ये-जा असते. सगळा चढायची गरज नाही. खालचे दोन किलोमीटर पुरे. वर माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने तांबड्या मातीच्या वाटा धावणाऱ्यासाठी उत्तम. बोरघाटाचा रस्ता मात्र वाहनांमुळे धावण्यासाठी विसरावा.

चढावर कसं चालावं, हे पाहायचं असेल तर सकाळी डोंगरातून मोळ्या घेऊन येणाऱ्या कातकरी आणि ठाकर बायांकडे बघावं. डोक्यावर ओझं, मान ताठ, पावलं आखूड. चढ आला की पाऊल आणखी आखूड होतं, पण पावलांची लय बदलत नाही. उतारावर त्या गुडघे किंचित वाकवून, भराभर पण छोट्या पावलांनी उतरतात. टाच आपटून ब्रेक लावत नाहीत. शहरी धावणारा उतारावर नेमकं उलटं करतो, लांब ढांगा टाकतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतो. साताऱ्याला यवतेश्वर घाटातल्या अर्धमॅरेथॉनला जायचं मनात असेल, तर हा उतार आधी इथेच गिरवून घ्यावा. तिथे चढून गेल्यावर तेवढंच उतरायचं असतं.

पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून धावावं. अंधारात डोक्याला दिवा आणि अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट हवं. गाड्यांसाठी तर हवंच, पण पावसाळ्यात रस्त्यावर आलेल्या घोणस-मण्यारीसाठीही.

ऋतूंचा हिशेब

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून जानेवारीत होते. तिचं अर्धं अंतर डोळ्यांपुढे ठेवलं तर जूनमध्ये सुरुवात करावी. पावसाळ्यात ताकद आणि छोट्या सपाट धावा. मुसळधार पावसात डोंगराच्या कुशीतल्या वाटांवर जाऊ नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड खालापूर तालुक्याने पाहिली आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात अंतर वाढवण्याची घाई नको. दिवाळीनंतर हवा निवते, तेव्हा लांब धाव दर आठवड्याला किलोमीटर-दीड किलोमीटरने वाढवत डिसेंबरच्या अखेरीस अठरापर्यंत न्यावी. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करावं. शेवटचे दोन आठवडे हात आखडता घ्यावा; त्या काळात केलेला जादा सराव शर्यतीत उपयोगी पडत नाही.

वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. त्यामुळे तहान लागायची वाट न बघता दर काही मिनिटांनी दोन घोट घ्यावेत, पण पोट डुचमळेपर्यंत नुसतं पाणी ढोसू नये. रक्तातलं मीठ उतरलं तर तेही जिवावर बेतू शकतं. मीठ घातलेलं कोकम सरबत, केळं, गूळ-शेंगदाणा हे सगळं चालतं. नवीन काहीही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नये.

शर्यतीचा दिवस आणि नंतर

मुंबईची शर्यत असेल तर पहाटेच्या कर्जत लोकलच्या भरवशावर राहू नये. आदल्या दिवशी दादर-परळकडच्या नातेवाइकाकडे मुक्काम टाकावा. परतताना मेगाब्लॉक आहे का, तेही पाहून ठेवावं.

सुरुवातीला गर्दीचा लोंढा आपल्याला ओढतो. पहिले पाच किलोमीटर लोकांना पुढे जाऊ द्यावं. जाताना तुम्हाला मागे टाकलेले बरेच तरुण पंधराव्या किलोमीटरनंतर कंबरेवर हात ठेवून चालताना दिसतील. त्यांच्या बाजूने, आपल्याच चालीने पुढे जाण्यात जी मजा आहे, ती साठीनंतरच मिळते. वेळ लक्षात ठेवायची असेल तर आपल्या वयोगटाशी ताडून पाहावी. पस्तिसाव्या वर्षीच्या स्वतःशी नाही.

शर्यत संपली की दोन आठवडे धावणं बंद. चालावं, झोपावं, नीट जेवावं. ज्येष्ठांना रोज दर किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ते पंच्याहत्तर ग्रॅम. नुसत्या भात-आमटीतून तेवढी मिळत नाहीत. सुदैवाने जानेवारी हा आपल्याकडे पोपटीचा हंगाम. भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात शिजलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी म्हणजे थकलेल्या स्नायूंना हवा तोच खुराक. पुढच्या शर्यतीचा अर्ज मात्र त्या रात्री भरू नये. जिना उतरताना मांड्या कुरकुरेनाशा झाल्या की मग भरावा.