वयात आलेलं कुत्रं

कोथरूडमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चिकू राहतो. पिवळसर लॅब्राडोर, वय नऊ महिने. हॉलमधल्या सोफ्याचा एक हात त्याने सोलून काढलाय, आतला फोम दिसतो. टीव्हीखालच्या कपाटाचे कोपरे कुरतडून गोल झालेत. आजींच्या चपला शू-रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेल्या आहेत. पाहुणा आला की चिकूचे पुढचे पाय थेट त्याच्या छातीवर. आणि रोज दिवेलागणीच्या सुमारास त्याच्या अंगात येतं. पाठ वाकवून, शेपूट आत घेऊन हॉल, पॅसेज, बेडरूम, पुन्हा हॉल अशा फेऱ्या सुरू होतात आणि मध्ये जो येईल त्याच्या पायजम्याला दात लागतात.

“अगं, लहानपणी किती शहाणा होता हा,” आजी चिकूला शिकवायला आलेल्या प्रशिक्षक मुलीला सांगतात. “बस म्हटलं की बसायचा.”

आजींचं निरीक्षण अचूक आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या ल्युसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली नेमकी हीच गोष्ट मोजून दाखवली. अंधांच्या सोबतीसाठी तयार होणारे लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरातली ६९ कुत्री त्यांनी पाहिली. पाचव्या महिन्यात ‘सिट’ म्हटल्यावर बसणारी कुत्री आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्या माणसाचं ऐकेनाशी झाली. पण अनोळखी माणसाने तेच सांगितलं, तर ती आधीपेक्षाही चांगलं ऐकत होती. म्हणजे शिकलेलं कुठे गेलेलं नव्हतं. ताण घरच्या माणसाशी असलेल्या नात्यात होता, आणि ज्यांचं नातं मुळात डळमळीत होतं त्यांच्यात तो जास्त दिसला. वर्षाच्या आसपास बहुतेकांची गाडी रुळावर आली.

ही शेवटची ओळ या वयाचं कुत्रं असलेल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवी. कुत्री घराबाहेर काढली जाण्याचं, संस्थांकडे सोडून देण्याचं प्रमाण याच वयात सर्वाधिक असतं. पिल्लाचं गोंडसपण संपलेलं असतं, मोठ्या कुत्र्याचा समंजसपणा अजून आलेला नसतो, आणि माणसं नेमकी या मधल्या महिन्यांत हात टेकतात.

चिकूच्या घरच्यांनी हात टेकले नव्हते. थोरल्या मुलाने त्याला पळवायला घेतलं. पहाटे वेताळ टेकडीवर धावणं, संध्याकाळी पार्किंगमध्ये टेनिस बॉल फेकणं. सुरुवातीला तो घरी येऊन आडवा व्हायचा. काही आठवड्यांनी तेवढंच पळून आल्यावर पाणी प्यायचा आणि सोफ्याकडे वळायचा. मुलाने अंतर वाढवलं. चिकूचा दम आणखी वाढला.

प्रशिक्षक मुलीने हे ऐकलं आणि पहिली गोष्ट बंद केली ती बॉल. तिचं म्हणणं असं, की रोज पळवलं की कुत्र्याची ताकद वाढते, धावपटूची वाढते तशीच. शिवाय बॉलमागे पुन्हा पुन्हा सुटताना शरीर उत्तेजित होतं आणि ती उत्तेजना घरात आल्याबरोबर उतरत नाही. तिसरं कारण हाडांचं. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या हाडांची वाढ दीड वर्षाच्या आतबाहेर पुरी होते. तोवर काँक्रीटवर गर्रकन वळणं आणि उंच उड्या रोजच्या रोज नकोत.

“टेकडीवर ने की,” ती मुलाला म्हणाली. “पण पळवू नकोस. हुंगू दे.”

आता पट्टा हार्नेसला लावतात, तोही लांब, दहा मीटरचा, कारण टेकडीवर मोर आहेत आणि चिकूला मोरामागे सोडणं कुणाच्याच हिताचं नाही. चाल चिकूची. एका दगडापाशी तो बराच वेळ नाक लावून उभा राहतो. श्वास भराभर, कान मागे, शेपूट सैल. मुलगा थांबतो. अंतर पूर्वीच्या निम्मंही होत नाही, आणि घरी आल्यावर कुत्रं झोपतं. फ्रान्समधल्या शार्लोट ड्यूरांटन आणि न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये यासारखीच तुलना केली होती. काही कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन खाऊ शोधण्याचा सराव दिला, काहींना माणसाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. नंतरच्या चाचणीत खाऊ असेल की नसेल अशी संदिग्ध जागा दाखवल्यावर नाकाचं काम केलेली कुत्री अधिक आशेने तिकडे गेली. चिकूच्या बाबतीत त्या अभ्यासाची आठवण यावी असा बदल त्याच्या चालीत दिसतो. पट्ट्याला ओढ कमी लागते.

लॅब्राडोरला तोंडाला काम लागतं, हे त्याच्या इतिहासातच आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कोळ्यांसोबत थंड पाण्यात उतरून सुटलेले मासे आणि दोर ओढून आणणाऱ्या कुत्र्यांपासून ही जात आली. पुढे इंग्लंडमध्ये शिकारीत पडलेला पक्षी दाताचा ओरखडा न लावता उचलून आणण्यासाठी ती घडवली. शतकभराहून जास्त काळ ज्याची निवड ‘दिसेल ते तोंडात धरून आण’ एवढ्यासाठी झाली, त्याला दोन बेडरूमच्या घरात आणून ‘काहीही तोंडात धरू नको’ सांगायचं, तर त्याला पर्याय देणं माणसाचं कर्तव्य ठरतं.

तो पर्याय चिकूच्या घरात आता स्वयंपाकघरातून सुरू होतो. स्टीलचं भांडं बंद झालं. दिवसाचं खाणं सकाळीच मोजून डब्यात काढतात आणि ते सगळं शोधून, सोडवून, फाडून मिळवायचं असतं. जुन्या चादरीच्या घड्यांत दाणे पसरून गाठ मारतात. ऑनलाइन आलेल्या खोक्यांच्या पिना आणि चिकटपट्टी काढून त्यात कागदाचे बोळे आणि दाणे भरतात. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे तर त्याचा लाडका. आजींना आधी हे पटेना, कारण हॉलभर पुठ्ठ्याचा चुरा होतो. पण चुरा केरसुणीने दोन मिनिटांत भरता येतो आणि सोफ्याचा हात शिवून घ्यायला किती लागले ते त्यांना पाठ आहे. पोकळ रबरी खेळण्यात दही आणि शिजवलेला लाल भोपळा भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवतात. सकाळी ऑफिसची घाई असते तेव्हा ते बाहेर निघतं. चाटणं, चघळणं या क्रियांनी कुत्रं शांत होतं, हे त्याच्याकडे बघूनच कळतं: डोळे अर्धे मिटतात, मागचा एक पाय बाजूला पडतो.

चघळायला काय द्यायचं याला प्रशिक्षक मुलीचा एक साधा नियम आहे. अंगठ्याचं नख दाबल्यावर रुतलं पाहिजे. त्याहून कठीण वस्तूने दात फुटतो. शिजवलेली हाडं कधीच नाहीत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. मोजे गिळले तर आतड्यात अडकतात आणि गोष्ट शस्त्रक्रियेपर्यंत जाते. मराठी घरात आणखी एक धोका आहे, तो कुणाच्या ध्यानीमनी नसतो. शिऱ्यातले आणि लाडवातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. ओट्यावरचं उचलायची सवय असलेल्या लॅब्राडोरच्या घरात प्रसादाचं ताट टेबलाच्या कडेला ठेवून चालत नाही. या जातीची भूकही निराळी असते. केंब्रिज विद्यापीठातल्या एलिनॉर रॅफन यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडोरांत पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या यंत्रणेतल्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. चिकूत तो आहे की नाही, कुणी तपासलेलं नाही. पण दाण्याच्या एका कणासाठी तो काहीही शिकायला तयार होतो आणि त्याचा उपयोग करून घेता येतो.

आता सगळ्यात अवघड भाग, विश्रांतीचा.

दिवेलागणीची ती धावपळ जास्तीच्या ताकदीने होते असं घरच्यांना वाटे. प्रशिक्षक मुलीने दिवसभराची नोंद ठेवायला सांगितली तेव्हा दिसलं, की दुपारी चारनंतर घरात येणं-जाणं सुरू होतं, दाराची बेल, कुरिअर, शाळेतून आलेली धाकटी, आणि चिकू तेव्हापासून डोळाही मिटत नाही. लहान मूल झोपेला आल्यावर चिडचिड करतं, हे आजींना कुणी सांगावं लागलं नाही. आता पाचच्या आत त्याला बेडरूममध्ये, दारातल्या जाळीच्या फाटकाआड, चघळायला देऊन झोपवतात. धावपळ अजून होते, पण रोज नाही, आणि थोडक्यात आटपते.

झोपवणं एक, निवांत बसायला शिकवणं दुसरं. त्यासाठी एक जुनी सतरंजी निवडली. प्रशिक्षक मुलगी चहा घेऊन खुर्चीत बसते, चिकू सतरंजीवर. ती त्याला काहीच सांगत नाही. तो ताठ बसलाय, नजर तिच्या हातावर. काही घडत नाही. तो पंजा मारतो, भुंकतो, तरीही नाही. शेवटी कंटाळून आडवा होतो आणि कंबर एका बाजूला कलते. लगेच एक दाणा, हातात नव्हे, पुढच्या दोन पायांमध्ये अलगद ठेवलेला. कोपर टेकलं, दाणा. हनुवटी जमिनीला लागली, दोन दाणे. नाकातून लांब श्वास सुटला, तर तीन. ‘बरोबर’ हा शब्दसुद्धा ती हळू आवाजात म्हणते, कारण उत्साहाने म्हटलं की तो उठून उभा राहतो. मग ती उठून खोलीत एक फेरी मारते, दार उघडून मिटते, टाळी वाजवते. अमेरिकन पशुवैद्यक कॅरन ओव्हरऑल यांनी अशा पायऱ्यांची एक सरावमालाच लिहिली आहे. कोथरूडमध्ये तिला कुकरच्या शिट्टीची जोड मिळाली. पहिल्या शिट्टीला तो उठला होता. आता कान हलतो, हनुवटी हलत नाही.

रागावण्याबद्दलही बोलायला हवं. फाटलेला सोफा दाखवून ओरडलं की चिकू मान खाली घालायचा, आणि घरच्यांना वाटायचं, त्याला कळलंय. होरोविट्झ यांनीच २००९ मध्ये हा ‘अपराधी’ चेहरा तपासला. ज्यांनी काहीच केलेलं नव्हतं, ती कुत्रीही मालक रागावल्यावर तोच चेहरा करत होती. तो चेहरा माणसाच्या रागाला दिलेला प्रतिसाद असतो. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धाक-शिक्षेच्या पद्धतीने शिकणाऱ्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त आढळली. ज्या वयात नात्यालाच ताण बसलेला असतो, त्या वयात पट्ट्याचे हिसके देणं म्हणजे आगीत तेल. फाटक लावा, चपला वर ठेवा, वायरी कपाटामागे घ्या, म्हणजे ओरडण्याची वेळच कमी येते. जे कुत्रं रोज सोफा फाडतं, ते सोफा फाडण्यात रोज तरबेज होतं.

एक फरक मात्र ओळखावा लागतो. माणूस बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात दाराची चौकट ओरबाडणारं, लाळ गाळणारं, रडणारं कुत्रं उनाड नसतं, घाबरलेलं असतं. त्याला भोपळ्याच्या खेळण्याने बरं वाटत नाही. तिथे पशुवैद्यकाकडे जावं लागतं. चिकूच्या घरच्यांनी जुना मोबाइल लावून पाहिलं. ते गेल्यावर तो झोपत होता. त्याचा उच्छाद माणसांसमोरचा.

हाच उच्छाद इतरत्र गुण मानला जातो. शोधपथकांसाठी कुत्रं निवडताना हरवलेल्या खेळण्याचा पिच्छा न सोडणारंच पसंत करतात. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांना तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा जंजीर लॅब्राडोरच होता आणि त्याचं प्रशिक्षण पुण्यातच झालं होतं.

चिकूसमोर सध्या गणपतीची तयारी आहे. पाहुण्यांवर उडी मारणं थांबवायला घरातल्या सगळ्यांनी ठरवलं, की उडी आली की पाठ फिरवायची आणि चारही पाय जमिनीवर असले तरच बोलायचं. पहिल्या आठवड्यात उड्या वाढल्या. पूर्वी चालणारी युक्ती चालेनाशी झाली की कुत्रं ती आणखी जोरात करून बघतं, आणि नेमकं तेव्हाच एखाद्याने “असू दे हो, मला आवडतात कुत्री” म्हणत कुरवाळलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आजींनी नातेवाइकांना फोन करायला घेतलेत. मोबाइलवर झांजांचं रेकॉर्डिंग रोज थोडं थोडं वाढवत सतरंजीचा सराव चालू आहे. आरतीच्या वेळी त्याला आतल्या खोलीत ठेवायचं ठरलंय, फाटक लावून, गोठवलेलं खेळणं देऊन. मोदकांचं ताट फ्रीजवर, आणि पंचखाद्यातले बेदाणे यंदा आजींनी स्वतःच वगळलेत.