इंजिन तेच, हवा कमी

समृद्धी महामार्ग आपल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या दारापर्यंत पोहोचला. एरवी सिनेमात दिसणाऱ्या गाड्या आता आपल्या शिवारातून जातात. जमिनीला टेकल्यासारखी ठेंगणी, दोनच माणसांची, आवाज ऐकू येईपर्यंत नजरेआड झालेली अशी एखादी गाडी पाहून शाळकरी मुलगा बापाला विचारतो, "ही गाडी लडाखच्या डोंगरावरसुद्धा अशीच पळत असेल का?"

प्रश्न मुलाचा असला तरी पोरकट नाही. त्याच्या उत्तरात बरेच विज्ञान आहे. आणि नीट पाहिले तर त्यात आपल्या समाजाचीही एक गोष्ट आहे. म्हणून या वेळी घरातील सर्वांनी मिळून वाचावा असा हा विषय घेतला आहे.

हवेचा हिशोब

गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. इंजिन पेट्रोल खाते आणि हवाही खाते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचे तर एक लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. पेट्रोल टाकीत भरून नेता येते. हवा मात्र गाडी जिथे असेल तिथलीच घ्यावी लागते.

इथेच डोंगर आडवा येतो. हवेत प्राणवायूचा वाटा सगळीकडे एकच, म्हणजे शंभरात एकवीस असतो. पण जसजसे वर जावे तसतशी हवाच विरळ होत जाते. समुद्रकाठच्या मुंबईत हवेचा दाब एक रुपया धरला, तर पाचशे मीटर उंचीवरच्या जालन्यात तो पंचाण्णव पैसे भरतो. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये तो पासष्ट पैशांवर येतो आणि त्याच्याही वरच्या खारदुंग ला या खिंडीत जेमतेम पन्नास पैसे उरतो.

साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते असा मेकॅनिक लोकांचा ठोकताळा आहे. म्हणजे जालन्यात शंभर घोड्यांची असलेली गाडी लेहला पोहोचेपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा गमावून बसते. चढावर तिचा दम लागतो, पिकअप मरतो आणि ड्रायव्हर म्हणतो, "गाडी बसली." वास्तविक इंजिनात काहीच बिघडलेले नसते. तेच पिस्टन, तेच सिलिंडर, तेच पेट्रोल. त्याला फक्त पुरेशी हवा मिळत नाही.

लोहाराचा भाता

यावर उपाय काय? तो आपल्या गावच्या लोहाराला कित्येक पिढ्या ठाऊक आहे. भट्टी मंद झाली की तो कोळसा वाढवत बसत नाही, भाता चालवतो. इंजिनालाही भाता लावला की तेच काम होते. त्या भात्याला सुपरचार्जर म्हणतात.

अमेरिकेतील रूट्स नावाच्या दोन भावांनी १८६० साली एका ब्लोअरचे पेटंट घेतले. एका पेटीत दोन फिरकीसारखे भाग एकमेकांना अगदी लगटून फिरतात आणि हवा एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूला ढकलतात. त्याचा उपयोग लोखंडाच्या भट्ट्यांना वारा देण्यासाठी होऊ लागला. गॉटलिब डाइम्लर या जर्मन अभियंत्याने १८८५ सालीच इंजिनात हवा दाबून भरण्याची कल्पना पेटंटात मांडली होती. पुढे मोटारींवर असे ब्लोअर बसू लागले आणि १९२०-३० च्या सुमारास मर्सिडीज व बेंटलीच्या शर्यतीच्या गाड्या त्यासाठी गाजल्या.

टाटा मोटर्सने २००८ साली जग्वार कंपनी विकत घेतली. त्या जग्वारची एफ-टाईप ही स्पोर्ट्स कार २०१३ मध्ये भारतात आली. किंमत कोटीच्या वर. तिच्या आठ सिलिंडरच्या, पाच लिटरच्या इंजिनावर जो सुपरचार्जर आहे तो मुळात त्याच रूट्स बंधूंच्या जातीचा आहे. जालन्याच्या सळईच्या कारखान्यात भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवावे. कोटीच्या गाडीचे रहस्य भट्टीच्या वाऱ्याच्याच घराण्यातले आहे.

सुपरचार्जरचा एक भाऊ आहे, टर्बो. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणजे तो थोडी ताकद खातो आणि त्याहून जास्त परत देतो. टर्बो हा सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. आज आपली भावंडे जे ट्रक चालवतात त्यांतील बहुतेकांना टर्बो असतो.

पर्वतावरची परीक्षा

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक नावाचा ४,३०० मीटर उंचीचा पर्वत आहे. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने विमानाचे एक लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून त्या शिखरावर नेले. खाली सपाटीवर हे इंजिन ३५० घोड्यांची ताकद देत होते. शिखरावर ते सुमारे २३० वर आले. मग मॉस यांनी त्याला टर्बो जोडला आणि त्याच शिखरावर त्याच इंजिनाने ३५६ घोडे दाखवले.

वाचकहो, हे तीन आकडे लिहून ठेवा. ३५०, २३०, ३५६. मधला आकडा पाहून कोणी म्हणाले असते, "हे इंजिनच कमअस्सल आहे," तर ते खोटे ठरले असते.

पुढे ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाजवळून उडालेल्या दोन विमानांनी पहिल्यांदाच एव्हरेस्टचे शिखर ओलांडले. त्यांच्या इंजिनांनाही सुपरचार्जर होता. दाबून भरलेल्या हवेशिवाय ते उड्डाण झाले नसते.

उंचीवरचे ट्युनिंग

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. सुपरचार्जरवाली गाडी लेहला कशी पळेल?

समजा तिचा भाता हवेचा दाब दीडपट करतो. जालन्यात पंचाण्णवचे दीडपट म्हणजे एक रुपया बेचाळीस पैसे. लेहला पासष्टचे दीडपट म्हणजे सत्त्याण्णव पैसे. म्हणजे ती गाडी लेहमध्ये मुंबईतल्या साध्या गाडीसारखी चालेल. तिचा रुबाब कमी होईल, पण दम कोंडणार नाही. खारदुंग लावर मात्र ती पंचाहत्तर पैशांवर येईल.

इथे हौशी मालकाला मोह होतो. सुपरचार्जरची पुली बदलून लहान बसवली की तो जास्त वेगाने फिरतो. दीडपटीऐवजी दुप्पट दाब. खिंडीत पुन्हा पुरा रुपया! पण तीच पुली ठेवून गाडी सपाटीवर आणली की हिशोब उलटतो. पंचाण्णवचे दुप्पट म्हणजे एक रुपया नव्वद पैसे. इतका दाब कंपनीने धरलेला नसतो. दाबलेली हवा तापते, मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आतल्या आत भडकते, इंजिन ठोकू लागते आणि शेवटी पिस्टन वितळतो. कोटीच्या गाडीचे लाखोंचे इंजिन एका लहान पुलीने संपते.

म्हणून जाणता मेकॅनिक तीन गोष्टी सांभाळतो. पहिली, हवेच्या मापातच पेट्रोल. दुसरी, ठिणगीची वेळ. तिसरी, दाबलेली हवा गार करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर, स्वच्छ ठेवणे. आजच्या गाडीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर आणि संगणक हा हिशोब स्वतः करतात. कोणी तो हिशोब खोडून नवा भरला, तर त्याला डोंगर आणि सपाटी या दोन्हींची जाण हवी.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हे डोळ्यांना दिसते. उंचीवर हवा कमी पण पेट्रोल नेहमीइतकेच, म्हणून धूर काळा येतो आणि प्लगवर काजळी धरते. तिथे लहान जेट टाकतात. खाली उतरल्यावर मूळचा जेट परत टाकायला विसरले की पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते.

घरातली ताई आणि आई हे कुकरवरून चटकन समजतील. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरचे झाकण लावले की आत दाब वाढतो आणि डाळ शिजते. कुकर जे काम डाळीसाठी करतो तेच सुपरचार्जर इंजिनासाठी करतो.

लडाखमधील बौद्ध विहार पाहण्याची ओढ आपल्या अनेक कुटुंबांना असते. जाणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा. माणसाच्या शरीरालाही तिथे कमी हवेशी जुळवून घ्यावे लागते, त्यासाठी रक्तातील तांबड्या पेशी हळूहळू वाढतात. म्हणून लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, धावपळ करू नये. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गाडीत माणसे आणि सामान कोंबू नये. चढ ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नये.

२३० चा आकडा आणि आपण

आता त्या तीन आकड्यांकडे पुन्हा वळू.

आपल्या समाजाला शतकानुशतके अशाच विरळ हवेत ठेवले गेले. पाणवठा बंद, शाळा बंद, धंदा बंद. आणि मग २३० चा आकडा दाखवून सांगितले गेले की यांच्यात कसच नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला, त्याने काय करून दाखवले ते जग जाणते. शिष्यवृत्तीने बुद्धी दिली नव्हती. बुद्धी होतीच, तिला श्वास घ्यायला जागा मिळाली.

बाबासाहेबांनी ती हवा एकट्याने घेतली नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात ते श्रम खात्याचे सदस्य असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, आजचे मिलिंद, औरंगाबादेत उभे राहिले. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यातील खेड्यापाड्यांच्या मुलांसाठी मिलिंद हा मोठा भाता ठरला.

आजही शिष्यवृत्ती आणि आरक्षण यांना कोणी उपकार म्हणते. त्यांनी मुंबईच्या गाडीला विचारावे, तुला रुपयाभर हवा फुकट मिळते हे तुला कधी कळले का? समुद्रकाठी उभ्या असलेल्या गाडीला भात्याची किंमत कशी कळणार?

मात्र एक गोष्ट आपणही विसरू नये. सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद असेल तर भाता काही करू शकत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरणे, कागदपत्रे जपणे, मुलाला कामावर न पाठवता वर्गात पाठवणे, ही ताकद घरालाच लावावी लागते. ती थोडी खर्ची पडते आणि दामदुपटीने परत येते.

मुलांनी काय करावे

आपली पुष्कळ मुले दहावीनंतर क्लीनर म्हणून ट्रकवर चढतात किंवा गॅरेजात पाने-पकडी उचलू लागतात. त्यांचा हात चांगला बसतो. पण धूर काळा का, इंजिन ठोकते का, हे उस्तादाने सांगितले तरच कळते. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आहे. हाताला विद्या जोडली की क्लीनरचा मेकॅनिक होतो, आणि पुढे शिकला तर अभियंताही होतो. मुलींनीही इकडे वळावे, इंजिनाला जात नसते आणि लिंगही नसते.

शिकताना उद्याकडेही नजर असावी. त्याच पाइक्स पीकवर दरवर्षी मोटारींची शर्यत होते, सुमारे वीस किलोमीटरचा चढ आणि १५६ वळणे. २०१३ साली टर्बोवाल्या गाडीने ती ८ मिनिटे १३ सेकंदांत पार केली होती. २४ जून २०१८ रोजी विजेवर चालणाऱ्या एका गाडीने ती ७ मिनिटे ५७ सेकंदांत जिंकली. विजेच्या मोटारीला जळण्यासाठी हवा लागतच नाही, म्हणून उंचीने तिची ताकद घटत नाही.

म्हणजे एक यंत्र असे निघाले की ज्याला डोंगर आणि सपाटी सारखीच. समाजही तसा व्हावा, जिथे कोणाला भात्याची गरजच पडू नये, ही तर बाबासाहेबांची समता. तो दिवस येईपर्यंत भाता चालू ठेवायचा आहे. आणि पुलावर उभ्या असलेल्या आपल्या मुलाला सांगायचे आहे, "बाळा, गाडी डोंगरावर मंदावली तर आधी तिथली हवा पाहा, मग इंजिनाला नाव ठेव."

जयभीम!