डोंगरवाटेवरचा एक लांब दिवस



पायी चालणे आपल्याला नवे नाही. पालखी पुण्याहून सासवडला जाते, त्या एका दिवसात वारकरी तीस किलोमीटरांच्या आसपास चालतो आणि वर दिवेघाटही चढतो. पण वारीत सोबतीला हजारो माणसे असतात, वाटेत गावे लागतात, पाणी देणारे हात असतात. आज मी ज्या वाटेबद्दल सांगणार आहे, तिथे अंथरूण, शिधा, पाणी सारे पाठीवर घेऊन माणूस डोंगरातून चालतो. आणि एकदोन दिवस नव्हे, महिनेच्या महिने चालतो.

ही वाट अमेरिकेत आहे. तिचे नाव अ‍ॅपलेशियन ट्रेल. दक्षिणेकडे जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरावर ती सुरू होते आणि चौदा राज्ये ओलांडून उत्तरेकडे मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरावर संपते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. बेंटन मकाय नावाच्या गृहस्थांनी १९२१ साली ही कल्पना मांडली आणि १९३७ साली वाट पुरी झाली. वाट चुकू नये म्हणून झाडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात. १९५५ साली एमा गेटवुड नावाची ओहायो राज्यातली एक शेतकरीण ही सबंध वाट एकटी चालून गेली. वय ६७, अकरा मुलांची आई. पाठीवर महागडे सामान नाही. घरी शिवलेली एक पिशवी खांद्याला अडकवलेली!

आता या वाटेवरचा एकच दिवस घेऊ. न्यू हॅम्पशायर राज्यात मिझपा स्प्रिंग आणि मॅडिसन स्प्रिंग अशी दोन मुक्कामाची ठिकाणे आहेत. दोहोंत अंतर सुमारे १९ किलोमीटर. मध्ये माउंट वॉशिंग्टन हे १,९१७ मीटर उंचीचे शिखर. आपल्या कळसूबाईपेक्षा ते पावणेतीनशे मीटरांनी उंच भरेल.

म्हणाल, १९ किलोमीटर म्हणजे काय मोठेसे? बाजाराला जाऊन येणारा माणूसही तेवढे चालतो! इथेच पहिली चूक होते. डोंगरातले अंतर किलोमीटरांत मोजायचे नसते, तासांत मोजायचे असते. त्याचे एक साधे गणित स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिले. आपल्या मापात ते असे : दर पाच किलोमीटरांना एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. गुरुजींनी हे वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. १९ किलोमीटरांना पावणेचार तासांहून थोडे अधिक. सगळे चढ मिळून सुमारे हजार मीटर, त्याला एक तास चाळीस मिनिटे. एकूण साडेपाच तास. पण हा हिशेब धडधाकट, हलक्या अंगाने चालणाऱ्या माणसाचा. पाठीवर ओझे, पायाखाली सुटे धोंडे, मध्ये खाणे, विसावा हे धरले, की आठनऊ तास सहज लागतात. म्हणजे सकाळी सातला निघालेला माणूस दुपारी तीनचार वाजता पोचणार. नऊला निघाला, तर संध्याकाळ गाठणार.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. तिथे साधारण १,४०० मीटरांच्या वर झाडे उगवतच नाहीत. वर नुसता खडक. झाड नाही म्हणजे पांढरे पट्टेही बहुतेक नाहीत. लगोरीसारख्या रचलेल्या दगडांच्या राशी पाहात जायचे. आणि आडोसा तर कुठेच नाही. वारा पश्चिमेकडून येतो आणि डोंगराची रांग दक्षिणोत्तर आडवी उभी. पाटाचे तोंड अरुंद केले की पाणी जोराने धावते ना, तसाच वारा त्या माथ्यावरून दाबला जाऊन वेगाने सुटतो. १२ एप्रिल १९३४ रोजी वॉशिंग्टनच्या माथ्यावरील वेधशाळेत ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा झोत मोजला गेला. जगातला तो उच्चांक १९९६ सालापर्यंत टिकला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हेही ध्यानात ठेवा.

पण माणसाला वारा पाडून मारतो असे नव्हे. तो गारठवून मारतो. भर जुलैतही त्या शिखरावर सरासरी तपमान दहा अंशांच्या आसपास असते. घामाने किंवा पावसाने कपडा भिजला, वर वारा लागला, की अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. सुती कपडा पाणी धरून ठेवतो; लोकरीचा ओला झाला तरी थोडी ऊब राखतो. अंगाचे आतले तपमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली आले, की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते. मग बोटे बधिर होतात, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. जीभ जड होते, पाय अडखळतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे विचारशक्ती मंदावते. ज्या घडीला शहाणपणाची गरज सर्वांत जास्त, त्याच घडीला ते हातचे सुटते.

३० जून १९०० चा दिवस. उन्हाळ्याचे दिवस होते बरे का! विल्यम कर्टिस आणि अ‍ॅलन ऑर्म्सबी हे दोघे याच रांगेवरून वॉशिंग्टन शिखराकडे निघाले. तिथे गिर्यारोहकांच्या मंडळाची बैठक होती. कर्टिस साठी ओलांडलेले, पण नावाजलेले व्यायामपटू. वाटेतल्या एका शिखरावरच्या नोंदवहीत त्यांनी थंडीची, वाऱ्याची, पावसाची नोंद केली आणि तशीच पुढची वाट धरली. गारपिटीच्या वादळात दोघेही गेले. ऑर्म्सबी तर शिखराच्या अगदी जवळ पोचले होते. पुढे त्या भागात मंडळाने आधी एक लहानसा आसरा आणि १९१५ साली दगडी निवारा बांधला. तो आजही चालणाऱ्यांच्या उपयोगी पडतो.

त्या दोघांना हवा दिसत नव्हती का? दिसत होती; त्यांनी ती लिहूनही ठेवली होती. मग पाय मागे का वळले नाहीत? कारण शिखर पुढे होते, बैठक ठरलेली होती, लोक वाट पाहात होते. शिवाय निम्मी वाट सरली होती. एवढे आलो, आता थोडक्यासाठी कशाला फिरायचे, असे कुणालाही वाटते. ते भित्र्या माणसाला वाटत नाही, जिद्दीच्या माणसाला वाटते.

म्हणून जाणते चालणारे एक रीत पाळतात. मागे फिरण्याचा निर्णय ते डोंगरावर घेत नाहीत. सकाळी, पोटात गरम काही असताना, डोके ठिकाणावर असताना घेऊन ठेवतात. ‘अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोचलो नाही, तर फिरायचे. झाडी संपते तिथे ढग उतरलेला दिसला, तर फिरायचे.’ हे सोबत्यांना सांगून ठेवायचे, खाली कुणाला तरी कळवून ठेवायचे. मग वर गेल्यावर वाद नाही, लाज नाही. उघड्या माथ्यावर जाण्याच्या वाटांवर तिथे फलकही लावले आहेत : हवा वाईट असेल तर येथूनच परता, उन्हाळ्यातही येथे माणसे गारठून मेली आहेत.

बाकीच्या गोष्टी साध्याच. ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. भूक लागण्याआधी थोडे खावे, तहान लागण्याआधी घोटभर प्यावे. चढावर घाम फुटण्याआधी वरचा कपडा काढावा आणि थांबलो की लगेच चढवावा. टाच चुरचुरली की तिथेच बसून पट्टी लावावी, फोड येईपर्यंत थांबू नये. आणि मेळाव्याची चाल ही सर्वांत मागच्या माणसाची चाल.

शाळेची सहल पावसाळ्यात गडावर नेणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना माझे एवढेच सांगणे आहे. निघण्यापूर्वी मुलांना परतीची वेळ सांगा, ती फळ्यावर लिहा आणि ती का ठरवली तेही समजावून द्या. त्या वेळी दरवाजा शंभर पावलांवर दिसत असला, तरी मुलांना घेऊन खाली या. गड काही कुठे जात नाही. पुढच्या वेळी तो तिथेच असेल.