उपवासाचा उरलेला घास

राखेच्या बुधवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही दाराशी उभे होतो. कपाळी भस्म लावून घेतलेली एक माउली मागे रेंगाळली. पांढुर्ण्याजवळच्या एका संत्र्याच्या बागेत ती तोडणीस जाते. मृग बहाराची फळे उतरावयाची ती फेब्रुवारी-मार्चात, आणि आपला प्रायश्चित्तकाळही बहुधा त्याच दिवसांत येतो. हातातील डबा पदराआड धरून तिने विचारले, "फादर, आज डबा खाल्ला तं पाप लागते का जी?"

डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा होता. आम्ही म्हणालो, "बाई, निःशंक जेवा." ती गेली; परंतु तिचा प्रश्न मात्र आमच्यापाशीच राहिला.

आपण ज्या मुलखात राहतो, तेथे उपवास हा शब्द कोणासही शिकवावा लागत नाही. आपले शेजारी शनिवार धरतात, एकादशी धरतात. शिवरात्रीच्या सुमारास विदर्भातील भाविक सौसरच्या रस्त्याने पचमढीच्या महादेवास जातात. २०२६ साली तर महाशिवरात्र १५ फेब्रुवारीस, राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीस आणि त्याच आठवड्यात मुसलमान बांधवांचा रमजानही! एका गल्लीत तीन घरी उपवास, आणि प्रत्येक घरची रीत निराळी.

शेजाराचा वाण लागतो म्हणतात. आपल्याही काही घरी राखेच्या बुधवारी साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी होते. त्यास आम्ही हसत नाही. शेजाऱ्याची भक्ती पाहून आपणांस भक्ती सुचली, तर त्यात वावगे काय? परंतु ख्रिस्तसभेच्या नियमात उपवासाचे धान्य आणि बिनउपवासाचे धान्य असा भेद नाही, हे गृहिणींनी ध्यानी घ्यावे. राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण घ्यावे; सकाळ-संध्याकाळ थोडेसे खाण्यास मुभा आहे. हा नियम अठरा वर्षे पुरी झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतचा. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षे पुरी झाल्यापासून. आजारी माणूस, गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी आई आणि अंगमेहनत करून पोट भरणारा मजूर यांवर उपवासाचे ओझे टाकावे, असे ख्रिस्तसभेने कधी म्हटलेले नाही.

मांसाविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्या घरी सणावारासच कोंबडी शिजते, त्या घरास शुक्रवारी मांस सोडण्यात कसला त्याग? आणि आम्ही मांस सोडून त्या दिवशी चवीने मासळी जेवतो, त्यात तरी कसला?

पूर्वीचे नियम फार कडक होते. ख्रिस्तशरीर स्वीकारावयाचे तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. दूरच्या खेड्यातून कोरड्या तोंडाने पायी मिस्सेस येणे किती जड जाई, हे वडीलधारी मंडळींनी सांगावे. १९५३ साली परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली. १९५७ साली तीन तासांचा उपवास ठरला. १९६४ साली सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. १९६६ साली प्रायश्चित्तकाळाचे नियमही सौम्य झाले. तेव्हा उपवास आता संपला, असे काहींनी मनाशी ठरवून टाकले. वस्तुतः सहावे पॉल यांनी नियम कमी केले, ते प्रार्थना आणि परोपकार वाढावेत म्हणून.

आणि ही काही नवी कल्पना नव्हे. दुसऱ्या शतकात रोम शहरी हर्मास नावाच्या एका ख्रिस्ती माणसाने ग्रंथ लिहिला. उपवास कसा करावा, याची रीत त्याने त्यात सांगितली आहे. त्या दिवशी भाकरी आणि पाणी एवढेच घ्यावे. एरवी जे पदार्थ खाल्ले असते, त्यांच्या खर्चाचा हिशोब करावा आणि तेवढी रक्कम विधवेस, अनाथास वा गरजवंतास द्यावी. आम्हांस यातील हिशोब फार आवडतो. नुसते पोट रिकामे ठेवून भागत नाही. न खाल्लेला घास कोणाच्या तरी तोंडी पडला पाहिजे.

हाच विचार आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनारच्या आश्रमात, विनोबाजींच्या मनात आला होता. १९७०नंतरच्या दशकात त्यांनी 'उपवासदान' सांगितले: महिन्यातून एक दिवस उपवास करावा व वाचलेला पैसा सर्वोदयाच्या कार्यास द्यावा. विनोबाजी ख्रिस्ती नव्हते. परंतु हर्मास त्यांस भेटला असता, तर दोघांचे चांगले जमले असते. तिकडे जर्मनीत कार्डिनल फ्रिंग्स यांच्या पुढाकाराने १९५८ साली धर्माचार्यांनी उपवासकाळातील दानाचे मोठे कार्य आरंभिले. १९६२ साली स्थापन झालेली आपली कारितास इंडिया ही संस्थाही या काळात भुकेलेल्यांसाठी हात पसरते.

परंतु दानाच्याही आधी एक पायरी आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठावन्नावा अध्याय उघडा. उपवासाच्या दिवशी स्वतःचा फायदा पाहणाऱ्या आणि मजुरांस राबवून घेणाऱ्या लोकांस देव तेथे विचारतो, की यास तुम्ही उपवास म्हणता काय? संत याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरीच देवाकडे ओरडते.

त्या माउलीची दोन आठवड्यांची मजुरी थकली होती, हे आम्हांस मागाहून कळले. बाग आपल्याच एका कुटुंबाची. कोणाची, ते येथे लिहीत नाही. घरधनी चाळीस दिवस एकभुक्त राहतात, एकही क्रूसाची वाट चुकवीत नाहीत. थकबाकीची कुजबूज पूर्वीही आमच्या कानी आली होती. ख्रिस्तमंदिराच्या डागडुजीस त्यांचा हात सैल असतो, म्हणून आम्ही तोंड उघडले नव्हते. हा दोष आमच्या खाती लिहावा.

त्या शुक्रवारी आम्ही त्यांच्या ओसरीवर गेलो. बोलणे दोघांसही जड गेले. व्यापाऱ्याकडून पैसा आलेला नाही, असे ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. तरी आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरांच्या हाती पैसे पडले.

यंदा ख्रिस्तमंदिरात दाराजवळ पत्र्याचा एक डबा ठेविला आहे. वाचलेल्या जेवणाचा पैसा त्यात टाकावा. पैसा नसेल, तर मूठभर ज्वारी वा तुरीची डाळ शेजारच्या टोपलीत चालेल. ज्यांच्याकडे कोणाची मजुरी देणे असेल, त्यांनी ती आधी चुकती करावी आणि मग डब्याकडे यावे. चिठ्ठीवर नाव घालू नये. आम्हांस ते वाचावयाचे नाही.