सेन्सरच्या वेगाची बारा वर्षं

13 जुलै 2024 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या बटलर इथे डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला. न्यूयॉर्क टाइम्सचे छायाचित्रकार डग मिल्स व्यासपीठाच्या अगदी जवळ होते. त्यांच्या एका फ्रेममध्ये ट्रम्प यांच्या डोक्याजवळून गेलेल्या गोळीची पुसट रेघ उमटली. कॅमेरा सोनीचा अल्फा 1, वेग सेकंदाला 30 फ्रेम, शटर 1/8000. हल्लेखोराकडे होती तशा रायफलची गोळी सेकंदाला साधारण 3200 फूट जाते. 1/8000 सेकंदात ती जेमतेम पाच इंच सरकते. या गोळीबाराच्या छायाचित्रांसाठी मिल्स यांना 2025 चं पुलित्झर मिळालं. गोळ्या सुटत असताना बोट बटणावर ठेवणं ही त्यांची हिंमत आणि त्यांचा अनुभव. पण सेकंदाला 30 फ्रेम टिपणारा सेन्सर हातात नसता, तर ती रेघ दोन फ्रेमच्या मधल्या फटीत निसटण्याची शक्यता कितीतरी जास्त होती.

या वेगाची गोष्ट सांगताना सगळे फ्रेम मोजतात. मला त्यातला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो: सेन्सरला एक अख्खी चौकट वाचून काढायला किती वेळ लागतो? अल्फा 1 ला साधारण 1/250 सेकंद लागतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर प्रत्येक ओळीला 1/8000 सेकंद प्रकाश मिळतो खरा, पण सगळ्या ओळींना तो एकाच क्षणी मिळत नाही. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. लांबलचक पंगतीत एकच वाढपी असावा, तो शेवटच्या पानापर्यंत पोहोचेतो पहिल्या पानावरचा भात संपलेला असावा, तसं हे होतं. दरम्यान समोरची वस्तू हलली, तर तिचा आकार बिघडतो. दोष जुनाच आहे. शंभर वर्षांपूर्वी झाक आंरी लार्तिगने टिपलेल्या शर्यतीच्या मोटारीचं चाक लंबगोल होऊन कललेलं दिसतं, ते सरकत्या पडद्याच्या शटरमुळेच.

2008 मध्ये पॅनासॉनिकच्या जी1 ने कॅमेऱ्यातला आरसा काढला, 2013 मध्ये सोनीच्या अल्फा 7 ने तेच फुलफ्रेममध्ये केलं. आरसा गेला, पण यांत्रिक शटर राहिलंच, कारण त्याच्याशिवाय भागत नव्हतं. त्या पिढीतल्या फुलफ्रेम सेन्सरना चौकट वाचायला 1/15 सेकंदाच्या आसपास वेळ लागायचा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, की गोल्फची काठी धनुष्यासारखी वाकायची आणि एलईडी दिव्यांखाली चित्रभर पट्टे उमटायचे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हे पट्टे चांगलेच परिचयाचे आहेत.

तोडगा निघाला तो मोबाईलच्या बाजारातून. जुन्या चिपवर पिक्सेल आणि त्यांची सर्किटं एकाच थरावर शेजारी शेजारी असत. 2012 मध्ये सोनीने हे थर वेगळे केले: वर नुसते पिक्सेल, खाली सर्किट. चिप लहान झाली आणि खालच्या थरावर वेगवान सर्किटं बसवायला जागा मिळाली. 2015 च्या आरएक्स100 मार्क 4 आणि आरएक्स10 मार्क 2 मध्ये त्याला मेमरीची जोड मिळाली. सेन्सर ज्या वेगाने वाचतो, त्या वेगाने कॅमेऱ्याचा प्रोसेसर माहिती उचलू शकत नाही. मग ती तात्पुरती ठेवायला सेन्सरलाच जोडलेली मेमरी हवी. खिशात मावणारा आरएक्स100 मार्क 4 सुद्धा 1/32000 सेकंदाचं शटर देऊ लागला.

माझ्या मते या काळातला सर्वांत मोठा टप्पा 2017 चा सोनी अल्फा 9. हाच मेमरी जोडलेला थरांचा सेन्सर, पण फुलफ्रेम आकाराचा. 24 मेगापिक्सेलची चौकट साधारण 1/160 सेकंदात वाचून व्हायची. 20 फ्रेमचा वेग बातम्यांत गाजला, पण छायाचित्रकारासाठी खरी क्रांती व्ह्यूफाइंडरमध्ये झाली होती. आरशाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोच्या वेळी आरसा वर जातो आणि डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे जो क्षण टिपला, नेमका तोच छायाचित्रकाराला दिसत नाही. अल्फा 9 मध्ये तो अंधारच उरला नाही. फोटो निघत असतानाच सेन्सर सेकंदाला 60 वेळा फोकसचा हिशोबही करत होता. उडणाऱ्या पक्ष्याचा डोळा धरून ठेवणारा आजचा फोकस याच वेगवान वाचनावर उभा आहे. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं, तरी त्याला ताजी चित्रं पुरवावी लागतात. बटण पूर्ण दाबण्याआधीच्या फ्रेम साठवण्याची सोयही त्याच वेगामुळे कामाची झाली. पाण्यात सूर मारणारा खंड्या टिपणाऱ्यांना तिचं मोल विचारा.

2021 मध्ये वर्षाच्या सुरुवातीला अल्फा 1 आला, पुढे कॅननने स्वतः घडवलेल्या सेन्सरचा आर3, आणि ऑक्टोबरमध्ये निकॉन झेड9. झेड9 ने यांत्रिक शटर चक्क काढूनच टाकलं. सिग्माच्या एफपीने 2019 मध्ये ते केलं होतं, पण त्याचं फ्लॅशशी जुळणारं शटर 1/30 सेकंदावर अडकलं होतं. झेड9 चा 45.7 मेगापिक्सेलचा सेन्सर साधारण 1/270 सेकंदात वाचून होतो, म्हणजे धातूच्या पात्यांच्या तोडीस तोड. बातमीदारीच्या आणि खेळांच्या कॅमेऱ्यातून झिजणारा, मोडणारा भागच काढून टाकणं हा धाडसी निर्णय होता आणि तो योग्य ठरला.

नोव्हेंबर 2023 मध्ये सोनीने अल्फा 9 मार्क 3 जाहीर केला, तेव्हा ओळीओळीने वाचणंच थांबलं. ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी प्रकाश घेणं थांबवतात. सेकंदाला 120 फ्रेम, 1/80000 सेकंदापर्यंत शटर आणि त्यातल्या कुठल्याही वेगाला जुळणारा फ्लॅश. भर दुपारच्या उन्हात फ्लॅश वापरणाऱ्याला हे वरदानच आहे. मात्र याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. प्रत्येक पिक्सेलला आपली नोंद वाचली जाईपर्यंत जपून ठेवायला जागा लागते, ती प्रकाश घेणाऱ्या भागातून कापली जाते. म्हणून या कॅमेऱ्याचा सर्वांत कमी आयएसओ 250 आहे, आणि गडद सावल्या उजळवल्या की दाणे लवकर दिसू लागतात. 2024 च्या निकॉन झेड6 मार्क 3 ने मधला मार्ग काढला: वेगवान सर्किटं फक्त चित्रभागाच्या वरच्या आणि खालच्या कडेला. वाचन वेगवान, किंमत आटोक्यात, सावल्यांमध्ये थोडा तोटा. बहुतेकांसाठी मला हाच सौदा शहाणपणाचा वाटतो.

तुम्ही निसर्गदृश्यं टिपत असाल, तर यातल्या एकाही वेगाची तुम्हाला गरज नाही. संथ सेन्सर तुम्हाला अधिक स्वच्छ सावल्या देईल. पक्षी, खेळ किंवा रंगमंच तुमचा विषय असेल, तर दुकानात मेगापिक्सेल आणि फ्रेम विचारून थांबू नका. हा सेन्सर अख्खी चौकट किती वेळात वाचतो, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर इलेक्ट्रॉनिक शटर लावून तिथल्या फिरत्या पंख्याचा एक फोटो काढा आणि त्याची पाती सरळ आहेत का ते पाहून मगच पैसे द्या.