बीपी नॉर्मल आलं, ते गोळी चालू आहे म्हणून

‘बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली.’ लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, मेडिकलच्या काउंटरवर, कुठेही कान दिला तरी हे वाक्य ऐकू येतं. सांगणाऱ्याच्या आवाजात पेपर सोपा गेल्याचा आनंद असतो आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: ‘चार दिवस झाले, परवा मोजलं तर एकशे तीसच!’ समोरचा लगेच म्हणतो, ‘मग मीही बघतो बंद करून.’

ताप उतरला की तापाची गोळी थांबवायची, या हिशोबाने बघितलं तर यात वावगं काही नाही. पण उच्च रक्तदाब तापासारखा येऊन जात नाही. बहुतेकांच्या बाबतीत वय, आनुवंशिकता, वजन, खाण्यातलं मीठ अशी कारणं एकत्र आलेली असतात आणि गोळी त्यातलं एकही दूर करत नाही. अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमध्ये शिरणारं कॅल्शियम अडवतं, स्नायू सैल पडतात, दाब उतरतो. टेल्मिसार्टन वाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनला रोखतं. औषध अंगात आहे तोवर हे चालतं. तुमचा नॉर्मल आकडा हा गोळी घेणाऱ्या माणसाचा आकडा आहे, हे कितीदा सांगायचं?

मग चार दिवस काहीच कसं झालं नाही? खरी गोम इथे आहे. अॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जातं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० ते ५० तास लागतात. म्हणजे सोमवारी गोळी सोडलेल्या माणसाने गुरुवारी बीपी मोजलं, तर तो उरलेल्या औषधाचाच परिणाम मोजत असतो. ‘गोळीशिवाय नॉर्मल’ हा पुरावा त्याला औषधच मिळवून देतं! पुढच्या काही दिवसांत औषध संपतं आणि दाब हळूहळू चढतो. पण तोवर मोजायचा उत्साह मावळलेला असतो. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून मोजत नाहीत. वाढलेला दाब बहुधा जाणवत नाही. जाणवतो तो कधीकधी थेट पक्षाघात होऊन.

हा माझा तर्क वाटत असेल, तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास बघा. ज्यांचा दाब दोन वर्षं किंवा जास्त काळ औषधाने काबूत होता, अशा रुग्णांची खरी गोळी काढून हुबेहूब दिसणारी औषधविरहित गोळी दिली. दीड वर्षाच्या आत त्यातल्या बहुतेकांचा दाब पुन्हा वाढला. दोन वर्षं नॉर्मल राहिलेल्यांची ही गत, तर दोन महिन्यांच्या नॉर्मलवर किती भरवसा ठेवायचा?

आणि सगळी औषधं अॅम्लोडिपिनसारखी निमूटपणे जात नाहीत. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली औषधं एकदम सोडली, तर हृदयविकार असलेल्यांना छातीत दुखण्यापासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. क्लोनिडिन अचानक थांबवलं की दाब उसळी मारतो, कधी पूर्वीपेक्षाही वर. अशी औषधं डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात.

कमी होतात, हेही खरं. वजन चांगलं उतरलं, मीठ आटोक्यात आलं, तर डोस खाली येतो, क्वचित गोळी सुटतेही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा घामाने पाणी आणि मीठ जातं, दाब उतरतो, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. जुलाब-उलट्यांतही तेच, टेल्मिसार्टन किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. पण हा निर्णय घरी मोजलेल्या आकड्यांची वही पुढे ठेवून डॉक्टरांशी बोलून होतो, पंगतीत होत नाही.

‘एकदा सुरू केली की सवय लागते, म्हणून सुरूच करू नका’ हा त्याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. सवय लागलेल्याला डोस वाढवत न्यावासा वाटतो, गोळीची तलफ येते. बीपीच्या गोळीची तलफ आलेला माणूस कुणी पाहिलाय?

‘या गोळ्यांनी किडनी जाते.’ किडनी खराब करतो तो न आवरलेला दाब. टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं मधुमेहींना किडनी जपण्यासाठीही देतात, फक्त अधूनमधून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. किडनीची एवढी काळजी वाटणारी मंडळी गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मात्र रोज न विचारता घेतात! ही वेदनाशामकं दाब वाढवतात, आणि टेल्मिसार्टन व लघवीची गोळी यांच्या जोडीला आली तर किडनीवर खरोखर घाला घालतात.

पाय सुजले म्हणजे किडनी गेली, असंही नाही. अॅम्लोडिपिनने घोट्याशी सूज येऊ शकते, डोस जास्त असेल तर अधिक. डॉक्टरांना दाखवा, डोस किंवा औषध बदलता येतं.

झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात म्हणे. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगभर तिचं नाव झालं. तिच्यातलंच रेसरपिन पुढे नैराश्याच्या तक्रारींमुळे मागे पडलं.

सैंधव चालतं? तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी, विशेषतः किडनीचा त्रास असेल तर, विचारल्याशिवाय ते आणू नये.

गोळी रात्रीच घ्यावी असंही नाही. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर रुग्णांचा ‘टाइम’ अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, सकाळ-संध्याकाळ फरक आढळला नाही. जी वेळ चुकत नाही ती बरी.

शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्या सुनेला देणं तर धोक्याचंच: टेल्मिसार्टन, रामिप्रिल गरोदरपणात बाळाला इजा करतात.

आणि एकादशी. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन दोन्ही रिकाम्या पोटी चालतात, तेव्हा उपवासालाही घ्या, आणि सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जातानाही, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, पाण्याबरोबर घेऊन जा. एखादा दिवस राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच.